एका बाळंतपणाच्या आवृत्त्या

माझ्या भाऊजींनी आयुष्यात एकच प्रवेश केला, पण काय केला! मी पुसदच्या हौशी रंगभूमीवर अर्धं आयुष्य तोंडाला रंग फासला. गणपतीत राजा झालो, स्पर्धेत भिकारी झालो, एकदा नायिका ऐन वेळी तापानं फणफणली तेव्हा मिशीवरून पदर ओढून तिचंही काम उरकलं. पण भाऊजींच्या त्या एका प्रवेशापुढे माझी सगळी कारकीर्द पाणी भरते.

स्थळ, ताईच्या घराची बैठक. प्रेक्षक, माझ्या भाचीला बघायला आलेली मंडळी. पोह्यांच्या बशा रिकाम्या होत आल्या की मुलाकडची एखादी मावशी घसा साफ करून हळूच विचारायची, "तुमाले एक मुलगा बी आहे न?" भाऊजी बशी टीपॉयवर ठेवत. चष्मा काढत. खिडकीबाहेर बघत. तिथे शेजाऱ्यांच्या टाकीशिवाय काही नव्हतं, पण ते असं बघत की प्रेक्षकांनीही माना वळवाव्यात. मग आवाज अर्ध्यावर आणून म्हणत, "आहे. सोन्यासारखं पोरगं जन्माले आलतं. नर्सच्या हातून बिघडलं."

पुढे कोणी काही विचारायचं नाही. मावशीचे डोळे भरायचे, चहा यायचा.

तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाच्या अंगी ही कला कुठून आली, देव जाणे. पण खरी गंमत आवृत्त्यांची होती. मुलाकडच्यांसाठी छोटी आवृत्ती, दीड मिनिटाची. नातेवाइकांसाठी लांब, तीत नाळ गळ्यात अडकायची आणि नर्स वेळेवर धावत यायची नाही. कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी वेगळीच होती, तीत नर्स मोबाइलवर बोलत बसलेली असायची. भाच्याच्या जन्माच्या वेळी आमच्या गावात मोबाइल दोन-चार डॉक्टरांकडे आणि एका ठेकेदाराकडे असतील, पण भाऊजींच्या आवृत्तीत तो बरोबर नर्सच्या कानाला लागलेला असे. बाळंतपण एकच. ज्याच्यापुढे जे खपेल ते ठेवायचं, बाकीचं गाळायचं, आणि सांधा दिसू द्यायचा नाही.

हे सगळं कशासाठी, ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अपघात झालेल्या घरातली मुलगी लोक सून म्हणून नेतात. रक्तात काही असलेल्या घरातली नेत नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी भाच्याला माझ्या घरी आणून ठेवत. माझं घर दोन गल्ल्या सोडून, म्हणजे विंगच. त्याचे पाय ताठ, मान सारखी डुलती, डोळे जागच्या जागी थरथरतात, आणि शब्द एकेक करून, धापा टाकत बाहेर येतात. डोकं मात्र लखलखीत. क्रिकेटच्या पंचांना तो ज्या शिव्या देतो त्या पूर्ण व्हायला पुढचा चेंडू पडतो, पण तो एकही अक्षर सोडत नाही. माझ्या पलंगावर टेकून बसला की घड्याळाकडे बघून म्हणायचा, "मामा... बाप माहा... आता चष्मा... काढून राह्यला असंन."

आम्ही दोघं हसायचो. हसण्यासारखंच होतं ते. फक्त त्या प्रवेशातलं जे पात्र कधी रंगमंचावर येत नसे, त्या बाईचं यात काय होत होतं हे गावात कोणी विचारत नव्हतं.

ती नाल्याच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीत राहणारी. तेव्हा एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होती, ते प्रसूतिगृह आता राहिलेलं नाही. ताईचं बाळंतपण अडलं, मूल उशिरा रडलं. डॉक्टरीणबाई तेव्हा जेवायला घरी गेलेल्या, त्या आल्या तेव्हा मूल रडून शांत झालेलं. पुढे काही आठवड्यांनी बाळाचे डोळे थरथरू लागले, मान धरेना, तेव्हा भाऊजी प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि बोलले. आधी तिच्या कामावर बोलले, मग तिच्या जातीवर गेले. ते शब्द मी इथे लिहीत नाही. तिथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, एवढं लिहितो. डॉक्टरीणबाई नामानिराळ्या राहिल्या, सिस्टरची नोकरी गेली. त्यानंतर ती घरोघरी इंजेक्शनं द्यायची, म्हाताऱ्यांचं बीपी बघायची. पण बाळ-बाळंतिणीला हात लावायला तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही. "हात चांगला नाही तिचा," असं बायका म्हणत. माझी बायकोही म्हणे.

भाचा शाळेच्या वयाचा झाला तेव्हा एकदा त्याचं रक्त तपासलं होतं. मुंबईहून उत्तर आलं, जीनमध्ये दोष नाही. भाऊजींना याहून काय हवं होतं? विज्ञानानं शिक्का मारला. लांब आवृत्तीत तो शिक्काही दाखल झाला.

मग भाची मोठी झाली. फार्मसी शिकली, अमरावतीत नोकरीला लागली, आणि आपल्या बापाचा प्रयोग चहाचा ट्रे हातात धरून इतक्यांदा बघून झाला की एके दिवशी तिनं मला फोन केला. "मामा, दादाचं रक्त पुन्हा तपासू. आता पहिल्यापेक्षा जास्त वाचता येते. मले लग्नाच्या आधी समजलं पाहिजे." भाऊजींना सांगितलं ते असं की नागपूरला पायांसाठी नवीन व्यायाम दाखवायचे आहेत. भाऊजी आले नाहीत. व्यायाम हा विषय त्यांना आवडत नाही.

नागपूरच्या डॉक्टर तरुण होत्या. मेंदूच्या फोटोत नसांवरचं आवरण सगळीकडे सारखं पातळ दिसतंय, श्वास कोंडून झालेली इजा अशी दिसत नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. रक्त घेतलं. उत्तर आल्यावर पुन्हा बोलावलं. त्या बोलत होत्या आणि मी, कनिष्ठ महाविद्यालयात मुलांना जीवशास्त्र शिकवून कंटाळलेला मास्तर, खुर्चीच्या टोकावर येऊन बसलो. कबूल करायला लाज वाटते, पण मला आनंद होत होता. इतकं सुंदर होतं ते.

परतीच्या वाटेवर कळंबला गाडी थांबवली. ताईनं गाडीतूनच तिथल्या चिंतामणी गणपतीला हात जोडले. चहा आला, आणि भाचा म्हणाला, "मामा... मले समजेल... असं सांग."

मग काय, मला कोणी असं म्हणायचाच अवकाश.

"हे बघ," मी म्हणालो, "नस म्हणजे विजेची तार धर. तिच्यावर आवरण पाहिजे, नाहीतर आतला संदेश रखडतो. मेंदूत ते आवरण करतात काही पेशी, आपला पातळ पदर त्या तारेभोवती गुंडाळत जातात. त्याला म्हणायचं मायलिन. त्या पदराचे थर एकमेकांना चिकटून राहायला प्रोटीन लागतात. त्यातलं एक मोठं कामाचं प्रोटीन आपल्या गोष्टीतलं. आता ते बनवायचं कसं, याची संहिता असते, तिचं नाव जीन."

"नाटकाची... असते तशी."

"तशीच. आणि आमचं नाटक आम्ही दोन प्रकारे करायचो. स्पर्धेला पूर्ण. जत्रेत गेलो की लोक पाळण्यात बसायला उठून जात, म्हणून तिसऱ्या प्रवेशाचं शेपूट कापायचो. संहिता एकच. समासात पेन्सिलीनं खुणा असत, इथून गाळा, इथं जोडा. पेशी अगदी हेच करते. जीनची नक्कल काढते, मधला फाफटपसारा कापते, कामाचे तुकडे सांधते. आणि या जीनच्या तिसऱ्या तुकड्यात दोन जागी कापायची सोय आहे. शेपूट ठेवलं तर लांब प्रोटीन, गाळलं तर आखूड प्रोटीन. दोन्ही एकाच संहितेतून. दुसरं एक मायलिनचं प्रोटीन आहे, त्याचे तर असेच कापून-सांधून कितीतरी प्रकार होतात."

"मग माह्यात... काय झालं?"

"पोटात असताना आखूड जास्त बनतं, तेव्हा तेवढं पुरतं. जन्माच्या सुमारास मेंदू मोठं काम काढतो, सगळ्या तारा गुंडाळायच्या असतात, तेव्हा लांब लागतं. तुझ्या संहितेत संवाद सगळे बरोबर आहेत बाप्पा, एकही अक्षर चुकलेलं नाही. चुकली आहे ती खूण. गाळायच्या भागात, जिथे कोणी बघत नाही तिथे, एक अक्षर बदललं. तिथल्या खुणेवरून पेशीला समजतं की शेपूट ठेवायचं. आता तिला ते समजत नाही. ती आखूडच बनवत राहते, लांब फार थोडं. मागच्या वेळी मुंबईवाल्यांनी फक्त संवाद वाचले होते. म्हणून म्हणाले, दोष नाही."

भाच्यानं चहाचा घोट घेतला, अर्धा शर्टावर सांडला, आणि त्याचं ते सबंध चेहऱ्यानं हसणं हसला. "म्हंजे... माह्या डोक्यात... स्पर्धेच्या दिवशी बी... जत्रेचाच प्रयोग... चालू आहे."

गाडीचा ड्रायव्हरसुद्धा हसला. भाची हसता हसता रडली. मी तर उभा राहून वाकून अभिवादन केलं. आणि तेवढ्यात ताई बोलली.

"म्हंजे सिस्टरचा काही दोष नव्हता?"

"अजिबात नाही. ते पोटात येण्याआधीच ठरलेलं होतं. जगातल्या कोणत्याही नर्सनं केलं असतं तरी हेच."

"मग कोणाचा?"

"कोणाचाच नाही ताई. डॉक्टर बोलल्या न. बाईकडं त्या जीनच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. पोराकडं एकच प्रत. तुझ्याकडं तो बदल आहे, पण तो आईकडून आला की तुझ्यातच पहिल्यांदा झाला, ते आता सांगता येत नाही. आई राहिली नाही. तू काही केलं नाहीस."

ताईनं कप खाली ठेवला. "भाऊ," ती म्हणाली, "कोणाचाच नाही असं नसते रे आपल्या घरी. तिचं नाव सुटलं का माहं लागंन. एवढी वर्षं ती बोलणी खाऊन राह्यली होती म्हणून मी वाचली. तुले समजते का काही?"

मला समजलं. पेशीचा एवढा सुंदर कारखाना समजावून सांगितला, आणि बाईला त्यातून एकच दिसलं की आता रांगेत पुढचं नाव आपलं आहे. पुसद येईपर्यंत भाच्यानं एकदा क्रिकेटचा स्कोअर विचारला, तेवढंच.

भाऊजींना भाचीनंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. मी हजर होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "कोणाकोणाले माहीत आहे?"

"आपल्यालेच."

"मग ठीक आहे. रविवारी उमरखेडचे लोक येऊन राह्यले. चांगलं स्थळ आहे, पोरगा बँकेत आहे. तोवर कोणी तोंड उघडाचं नाही."

"बाबा, त्या सिस्टरले सांगाले पाहिजे न."

"कायले? आता इतक्या वर्षांनी? तिले सवय झाली असंन."

हे वाक्य ते सहज बोलले. प्रयोगातलं नव्हतं, चष्मा डोळ्यावरच होता.

"आन मी बी तपासून घेतो," भाची म्हणाली. "माह्यात असू शकते, अर्धी शक्यता आहे. मुलाले आधी सांगन."

"तपास. लग्न झाल्यावर तपास."

रविवार आला. मी भाच्याला न्यायला गेलो तर तो बैठकीतच, चाकांच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून. "मी नाही... येत मामा. आज पोहे... इथंच खातो." भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर गाडीचा दरवाजा वाजला. मग काही करता येण्यासारखं नव्हतं. मी कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसलो. मी हा प्रयोग आजवर फक्त ऐकून होतो, प्रेक्षकांतून पहिल्यांदाच बघत होतो.

उमरखेडची मंडळी चांगली होती. मुलाची आई भाच्याशी आपणहून बोलली, "काय म्हणता, जेवण झालं का?" पोहे संपत आले. मुलाचे काका म्हणाले, "यायले जन्मापासून आहे का हे?"

भाऊजींनी बशी ठेवली. चष्मा काढला. खिडकीकडे वळले. "सोन्यासारखं पोरगं..."

"बाबा," भाचा म्हणाला, "हे... जुनं... झालं."

बैठकीत कोणाला काही कळेना. भाची ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो टीपॉयवर ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलली, काउंटरवर गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं तशी. दादाला जन्मतः आजार आहे, तो जीनमधला आहे, नर्सची चूक नव्हती. तो बदल आपल्यातही असू शकतो, तपासून घेणार आहे, काही निघालं तरी आजकाल पुढचे मार्ग आहेत, पण आधी सांगणं बरोबर. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत मला तरी तिरस्कार दिसला नाही.

आणि आता भाऊजींचं खरं कौशल्य बघा. माणसाच्या पायाखालचा रंगमंच सरकला होता. मी असतो तर पडदा पाडा म्हणून ओरडलो असतो. भाऊजींनी फक्त चष्मा परत डोळ्यावर लावला, ताईकडे बोट केलं आणि म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं. आमाले आत्ताच समजलं. नर्सबाईचा काहीच दोष नव्हता बिचारीचा. ते हिच्या माहेराकडून आलेलं आहे. आमच्या घराण्यात असं काही नाही."

एका वाक्यात सिस्टर सुटली आणि माझी बहीण आत गेली. इतका स्वच्छ काप मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. ताई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती नुसती वळली आणि आत जाऊन गॅस बंद केला, गॅसवर काही नसताना.

मंडळी नमस्कार करून गेली. "कळवतो," म्हणाली.

पुसदसारख्या गावात बातमीला पाय लागत नाहीत, ती आधीच पोचलेली असते. भाऊजींनी नवी आवृत्ती दोन-चार दिवसांत सगळीकडे पोचवली, आणि आता तर ती उदार होती. "आपल्या हातून एका बाईवर अन्याय झाला," असं ते चहाच्या टपरीवर सांगत, आणि लोक त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक करत. पुढचं, ताईच्या माहेराचं वाक्य ते आवाज उतरवून सांगत. हळदीकुंकवाला ताईच्या बाजूला बसलेल्या बाईनं आपल्या गरोदर सुनेला उठवून पलीकडे बसवलं, असं माझ्या बायकोनं येऊन सांगितलं. माझ्या दोन मुली आहेत. माझ्यात तो दोष असता तर मी स्वतःच खुर्चीत असतो, मी निरोगी, तेव्हा मुलींना तो माझ्याकडून जाऊच शकत नाही, हे मी बायकोला फळ्यावर काढून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. "खरं असंन," ती म्हणाली, "पण लोकायले फळा कोण दाखवंन?"

सिस्टरला कोणीतरी नीट सांगावं म्हणून मी तिच्या घरी गेलो. ती ओसरीत बसून लसूण सोलत होती. केस बरेच पांढरे, पण बसणं अजून ड्यूटीवर असल्यासारखं ताठ. मी सुरुवात केली तर तिनं हात वर केला.

"समजलं मले. किराणा दुकानात समजलं. दुकानदार म्हणे, अभिनंदन सिस्टर, सुटल्या तुमी." तिनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "सर, मी सुटले का?"

मी म्हणालो, दोष नव्हता एवढं तरी सिद्ध झालं.

"तुमाले सिद्ध झालं. मले नाही. तुमच्या भाऊजीनं एवढं सांगितलं, एवढं सांगितलं, का मलेच वाटाले लागलं. मी रोज ते बाळंतपण पुन्हा करत जाओ, मनातल्या मनात. नाळ सोडवाले उशीर झाला का माह्यानं? हात थरथरला का? लेकीच्या दोन्ही बाळंतपणाले मी खोलीत गेले नाही. बाहेर बाकड्यावर बसून राह्यले. माह्या पोरीले वाटलं, माय आली नाही." तिनं पुढची पाकळी उचलली. "ते कोण परत देणार?"

मी खाली पडलेली लसणाची सालं गोळा करू लागलो.

"आन आता त्या बाईवर ढकललं म्हणतात."

"हो."

"मले त्या पोराले पाहाचं आहे," ती म्हणाली. "तवापासून दाखवलं नाही कोणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताईच्या घरी आली. पांढरी साडी, पट्ट्याच्या चपला. भाऊजी पेपर वाचत होते. उठून उभे राहिले, म्हणजे बघा, किती वर्षांत पहिल्यांदा. "या या सिस्टर. बसा. मोठा गैरसमज झाला होता आमचा."

ती बसली नाही. सरळ भाच्याकडे गेली. त्याचा हात हातात घेतला, नखं बघितली, पायाची पोटरी दाबून बघितली. भाचा तिच्याकडे बघत होता, डोळे थरथरत, मान डोलत.

"तुमीच... होत्या न?"

"मीच होती. लय उशिरा रडला तू. पण रडला तं असा रडला, का बाहेरचे लोक उठून आले."

"शिव्या... देऊन राह्यलो असन."

ती हसली. तिला हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग ती भाऊजींकडे वळली तेव्हा हसू गेलेलं होतं.

"साहेब, माह्यं नाव तुमी पुसलं, चांगलं केलं. पण या बाईच्या पदरानं पुसलं. असं पुसलेलं मले नाही पाहिजे. सांगाचंच असंन तं नीट सांगा. तिचा बी दोष नाही आन माहा बी नाही. एवढंच सांगा, जिथं जिथं सांगितलं तिथं."

मला वाटलं, भाऊजी आता खिडकीकडे बघतील. नाही बघितलं. त्यांनी पेपराची घडी घातली, उलगडली. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखतो, पण त्या वेळी त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला. त्यावर काहीच नव्हतं, साधी भीती होती.

"पण मग लोक विचारतीन," ते म्हणाले, "का मग झालं कसं?"

"सांगा, कोणाच्या हातात नव्हतं."

"असं कसं सांगता येईल बाई? पोरगं माह्यं आहे. असंच झालं, म्हणून कसं सांगू?"

ते खरंच विचारत होते. सिस्टरनं भाच्याची चादर गुडघ्यांवर नीट केली आणि निघाली. ताई आतून चहा घेऊन आली तेव्हा ती फाटकाशी पोचली होती. "सिस्टर, चहा," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक, की मला ऐकू आला हेच खूप. सिस्टरनं मागे बघितलं, मान हलवली आणि गेली.

भाऊजी मला म्हणाले, "साळेबुवा, तुमी सायन्सवाले न? तुमीच काहीतरी बसवून द्या, लोकायले सांगासारखं."

मी बसवून दिलं नाही. मी त्यानंतर कळंबचं ते नाटकाचं उदाहरण वर्गातही सांगितलेलं नाही, विषय आला की पुस्तकात आहे तसं शिकवतो. भाचीनं रक्त दिलं आहे, अमरावतीत. उमरखेडच्यांनी कळवलं नाही, मुलानं मात्र तिला एकदा फोन केला, काय बोलणं झालं ते ती सांगत नाही. टपरीवर भाऊजींची नवी आवृत्ती चालू आहे. वस्तीत एका घरी बाळ झालं, तेव्हाही सिस्टरला बोलावलं नाही. आधी म्हणत, तिच्या हातून बिघडलं, आता म्हणतात, हिच्या हातून एकदा तसं पोर जन्मलं होतं, उगाच कशाला.

परवा भाजीबाजारात मी ताईबरोबर होतो. पलीकडच्या ढिगाशी सिस्टर मेथी निवडत होती. दोघींनी एकमेकींना बघितलं. मला वाटलं, आता तरी. ताईच्या हातातली पिशवी मी घेतली, तिला मोकळं करावं म्हणून. पण ती तिथेच उभी राहिली आणि मेथीवाल्याऐवजी वांगेवाल्याला भाव विचारू लागली. घरी वांगी होती, सकाळीच मी आणून दिली होती.